यष्टीमागचा चाकरमानी

रत्नागिरी - उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, की शहरातील मैदानांपासून मांडवीच्या काळ्या वाळूपर्यंत जिथे मोकळी जागा सापडेल तिथे क्रिकेटचे डाव रंगू लागतात. पहिली फलंदाजी कोणाची यावरून भांडण होते, चेंडू कोणाच्या हातात राहील यावरूनही होते. यष्टीमागे उभे राहण्यासाठी मात्र कोणी भांडत नाही. ते काम बहुधा सर्वांत लहान मुलाच्या किंवा ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही अशाच्या वाट्याला येते. सुटलेला प्रत्येक चेंडू त्याच्या नावावर जमा होतो आणि अडवलेल्या चेंडूंची नोंद कोणी ठेवत नाही.

असे हे दुर्लक्षित काम करीत ज्याने ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील भारतीय क्रिकेट पाहिले, भारतीय संघात येऊन-जाऊन राहिला, तीन राज्यांच्या संघांतून खेळला आणि खेळ थांबल्यावर तीन वेगवेगळ्या संघांना मिळून सहा वेळा रणजी करंडक मिळवून दिला, त्या चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द म्हणूनच मुळापासून समजून घेण्यासारखी आहे. पोटापाण्यासाठी घर सोडून जिथे काम मिळेल तिथे जाणारा आणि तिथे मन लावून राबणारा माणूस म्हणजे काय, हे कोकणाला वेगळे सांगावे लागत नाही. क्रिकेटमध्येही असे चाकरमानी असतात.

पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली ते घडले. आचरेकर मूळचे मालवणचे. त्यांचा जन्म १९३२ चा, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा; मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. ज्या गुरूच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे, बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत यांच्यासारखे खेळाडू निघाले, त्या गुरूच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना आहे. १९६३-६४ च्या हंगामात मोईनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध ते खेळले, तेवढेच. उत्तम शिक्षक होण्यासाठी मोठा खेळाडू असावे लागत नाही, याचे उदाहरण पंडित यांच्यासमोर असे पहिल्यापासूनच होते. आचरेकरांची शिस्त, स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर शिष्याला सामने खेळवत नेण्याची त्यांची पद्धत आणि तोंडभर कौतुक करण्याची त्यांना असलेली ॲलर्जी हे सारे पुढे शिष्याच्या प्रशिक्षणातही उतरले.

एका जागेचा हिशेब

अकरा जणांच्या संघात फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच. यष्टिरक्षक एकच. सहावा फलंदाज अपयशी ठरला तर सातव्या क्रमांकाच्या उमेदवाराला संधी मिळते. पण यष्टीमागे स्थिरावलेला माणूस जोवर तंदुरुस्त आहे तोवर त्याच्या पाठीमागच्या उमेदवाराला थांबण्यावाचून गत्यंतर नसते. भारतीय क्रिकेटमध्ये त्या काळात ही जागा आधी सय्यद किरमाणी यांच्याकडे होती. ते ८८ कसोटी खेळले. त्यानंतर किरण मोरे आले आणि ४९ कसोटी खेळले. त्यांच्यानंतर नयन मोंगिया आले, त्यांच्या कसोटी ४४. पंडित यांचा उमेदीचा काळ या तीन नावांच्या फटींत सापडला. त्यांच्या वाट्याला आल्या पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये १३८ सामन्यांत ८,२०९ धावा, २२ शतके आणि सरासरी ४८ च्या वर, ही कामगिरी आजच्या काळात कोणत्याही यष्टिरक्षकाला भारतीय संघाच्या दारात उभी करील. पण यष्टिरक्षकाने आधी झेल घ्यावेत, धावा केल्या तर उत्तम, असा तेव्हाचा विचार होता. त्यामुळे झाले असे, की निवड समितीने पंडित यांना अनेकदा घेतले ते यष्टिरक्षक म्हणून नव्हे, तर फलंदाज म्हणून. जून १९८६ मध्ये हेडिंग्ले येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले तेव्हा यष्टीमागे मोरेच होते. भारताने ती कसोटी २७९ धावांनी जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी बरोबरीत सुटली. कसोटीच्या इतिहासात तोवर तसे एकदाच घडले होते. त्या सामन्यातही मोरे आणि पंडित दोघेही अकरा जणांत होते आणि पंडित यांनी दोन्ही डावांत तिशीच्या घरातील उपयुक्त खेळ्या केल्या.

मोठ्या प्रसंगी हजर असणे आणि तरीही त्या प्रसंगाच्या आठवणीत नाव नसणे, हे या कारकिर्दीचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. तो चेंडू, ती बॅट आणि तो निराश गोलंदाज भारतातील एका संपूर्ण पिढीला पाठ आहे. त्या क्षणी यष्टीमागे पंडित होते, हे किती जणांना आठवते? पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. दिलीप वेंगसरकर पोटाच्या तक्रारीमुळे खेळू शकले नाहीत आणि पंडित यांना घरच्या मैदानावर फलंदाज म्हणून संधी मिळाली. ग्रॅहम गूचने स्वीपचे फटके मारून शतक झळकावले, भारत ३५ धावांनी हरला. पंडित यांच्या धावा २४.

जानेवारी १९९२ मधील सिडनी कसोटीचेही तसेच. रवी शास्त्री यांचे द्विशतक, तेंडुलकरचे नाबाद १४८ आणि शेन वॉर्नचे पदार्पण यांसाठी तो सामना ओळखला जातो. त्या कसोटीत यष्टिरक्षण केले पंडित यांनी, आणि भारताकडून पदार्पण करणाऱ्या सुब्रतो बॅनर्जी यांची ती कारकिर्दीतील एकमेव कसोटी ठरली. ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. ती पुढे नागपुरात पुन्हा भेटतात.

पाहुणा खेळाडू

भारतीय संघाचे दार मिटल्यावर बहुतेक खेळाडूंपुढे तेव्हा एकच वाट असे. नोकरी देणाऱ्या कंपनीच्या किंवा बँकेच्या संघातून खेळत राहायचे आणि हळूहळू टेबलामागे स्थिरावायचे. दुसरी वाट थोड्यांनीच धरली, ती दुसऱ्या राज्याकडून खेळण्याची. रणजी स्पर्धेत प्रत्येक संघाला मर्यादित संख्येने बाहेरच्या राज्यातील खेळाडू घेता येतात. त्यांना कोणी पाहुणा खेळाडू म्हणतात, कोणी व्यावसायिक. मुंबईसारख्या संघाला त्यांची फारशी गरज भासत नाही. ज्या राज्यांत क्रिकेटची मुळे तितकी खोल गेलेली नाहीत, ती राज्ये असे अनुभवी खेळाडू शोधत असतात.

पाहुण्याकडून अपेक्षा दुहेरी असते. त्याने धावा तर करायच्याच, शिवाय तरुणांना शिकवायचेही. संघ हरला तर पहिला प्रश्न त्याच्या मानधनावर येतो. जिंकला तर श्रेय स्थानिक मुलांचे. भाषा वेगळी, जेवण वेगळे, संघटनेतील गटतट वेगळे. अशा ठिकाणी टिकायचे तर खेळाइतकीच माणसे वाचण्याची हातोटी लागते. पंडित यांनी मुंबईखेरीज आसाम आणि मध्य प्रदेश या संघांकडून हे काम केले. मध्य प्रदेशाचे तर ते कर्णधार झाले.

१९९८-९९ च्या हंगामात मध्य प्रदेशाने रणजीच्या अंतिम फेरीत धडक मारली. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर प्रतिस्पर्धी कर्नाटक होता. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. म्हणजे मध्य प्रदेशाला जिंकण्याचीही गरज नव्हती. शेवटचा दिवस खेळून काढला असता तरी करंडक त्यांचाच होता. समोर लक्ष्य २४७ धावांचे होते. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे अख्खा संघ १५० धावांत गुंडाळला गेला. कर्नाटक ९६ धावांनी जिंकला. आयुष्यभर इतरांच्या मोठ्या प्रसंगांत दुय्यम भूमिका केलेल्या माणसाच्या हाती एकदाच मुख्य भूमिका आली होती आणि तीही शेवटच्या दिवशी निसटली. त्या पराभवाचे शल्य त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले.

यष्टीमागून काय दिसते

क्षेत्ररक्षण करणाऱ्या अकरा जणांपैकी सर्व सहकाऱ्यांकडे तोंड करून उभा असतो तो यष्टिरक्षकच. गोलंदाजाचे मनगट त्याला समोरून दिसते, फलंदाजाचे पाय अगदी जवळून दिसतात, आणि कोणता क्षेत्ररक्षक दोन पावले डावीकडे सरकला आहे हेही त्यालाच प्रथम कळते. दिवसाच्या ९० षटकांचे चेंडू होतात ५४०. तितक्या वेळा त्याला बसावे आणि उठावे लागते, आणि तितक्याच वेळा पुढचा चेंडू कुठे पडेल याचा अंदाज बांधावा लागतो. सलामीचा फलंदाज बाद झाला, की तंबूत जाऊन बसतो. वेगवान गोलंदाज षटक संपले, की सीमारेषेवर दम खातो. यष्टिरक्षकाला तशी सुटका नसते. कर्णधाराला दाद मागायची की नाही हे त्यालाच विचारले जाते, आणि तिसऱ्या पंचाकडे जाण्याची पद्धत आल्यापासून तर त्याच्या होकाराला किंमत फार वाढली आहे.

साहजिकच संपूर्ण सामना डोक्यात मांडण्याची सवय त्याला लागते. ज्याची गुणवत्ता अलौकिक आहे अशा खेळाडूला आपण काय करतो हे अनेकदा शब्दांत सांगता येत नाही. ज्याला संघात टिकण्यासाठी प्रत्येक गोष्ट विचार करून, घासून-पुसून मिळवावी लागली, त्याला ती सांगता येते. कायम राखीव म्हणून बसलेल्या यष्टिरक्षकाला तर सामना बाहेरून पाहण्याची संधीही भरपूर मिळते, मग त्याची इच्छा असो वा नसो.

अमेरिकेत हे फार पूर्वीच ओळखले गेले. बेसबॉलमध्ये यष्टिरक्षकाच्या जागी ‘कॅचर’ असतो. तोंडावर जाळीचा मुखवटा आणि छातीवर कवच बांधून तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि कोणता चेंडू टाकायचा हे खुणेने गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, सुचवतो. तिथल्या व्यवस्थापकांच्या यादीत जुन्या कॅचरांची नावे मोठ्या संख्येने आढळतात. त्यांपैकी ब्रूस बोची हे पंडित यांचे जणू सातासमुद्रापलीकडचे भावंड. ह्यूस्टन, न्यूयॉर्क आणि सॅन दिएगो येथील संघांतून नऊ हंगामांत ते अवघे ३५८ सामने खेळले, बहुतेक काळ दुसऱ्या क्रमांकाचे कॅचर म्हणून. व्यवस्थापक झाल्यावर मात्र त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये, तर टेक्सासला २०२३ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकून दिली.

क्रिकेटमध्येही ऑस्ट्रेलियाचे रॉड मार्श निवृत्तीनंतर तेथील अकादमीचे प्रमुख झाले आणि नंतर इंग्लंडने आपल्या अकादमीसाठी त्यांनाच बोलावले. झिम्बाब्वेचे यष्टिरक्षक अँडी फ्लॉवर पुढे इंग्लंडचे प्रशिक्षक झाले. मात्र मार्श आणि फ्लॉवर आपापल्या देशाचे पहिल्या पसंतीचे, नावाजलेले खेळाडू होते. दुसऱ्या क्रमांकावर आयुष्य काढून प्रशिक्षणात पहिला क्रमांक मिळवण्याची गोष्ट वेगळी.

सहा करंडक

प्रशिक्षक म्हणून पंडित यांना पहिले मोठे यश घरीच मिळाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असे सलग दोन हंगाम रणजी करंडक जिंकला. मुंबईला रणजी जिंकून देण्यात काय विशेष, असे त्या वेळी म्हटले गेले, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. मधल्या काळात केरळ आणि राजस्थान येथेही त्यांनी काम केले. २०१५-१६ मध्ये ते पुन्हा मुंबईकडे आले. श्रेयस अय्यरने त्या हंगामात १,३२१ धावांचा डोंगर उभारला आणि पुण्याजवळ गहुंजे येथे झालेल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला डावाने हरवून मुंबईने ४१ वे विजेतेपद मिळवले. कर्णधार होता आदित्य तरे, तोही यष्टिरक्षक.

पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरला मुंबई अंतिम सामना गुजरातकडून हरली. चौथ्या डावात तीनशेच्या वरचे लक्ष्य गाठताना पार्थिव पटेलने १४३ धावा केल्या. योगायोग असा, की पार्थिवही कर्णधार आणि यष्टिरक्षक. सतरा वर्षांच्या पृथ्वी शॉला थेट उपांत्य सामन्यात पदार्पणाची संधी देणारा आणि त्याच्याकडून शतक पाहणारा हाच मुंबईचा संघ होता. पण विजेतेपद गेले आणि काही महिन्यांत प्रशिक्षकही बदलला. एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद मिळवूनही प्रशिक्षकाला घरी बसावे लागते, हा मुंबईच्या क्रिकेटचा खाक्या. त्यांच्या जागी आले समीर दिघे आणि त्यांच्यानंतर विनायक सामंत. दोघेही जुने यष्टिरक्षकच! दिघे सहा कसोटी खेळले; २००१ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन गडी राखून मिळालेल्या विजयात ते शेवटपर्यंत नाबाद होते. सामंत यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले नाही. मुंबई, आसाम आणि त्रिपुरा असा प्रवास करीत ते खेळले. म्हणजे फिरस्त्या यष्टिरक्षकाच्या व्याख्येत ते पंडित यांच्यापेक्षाही नेमके बसतात.

मुंबईने सोडलेल्या माणसाला नागपूरने बोलावले. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि सहा दशकांत एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. संघात गुणवत्ता नव्हती असे नाही. उमेश यादव भारताकडून खेळत होता, मुंबईचा वासीम जाफर पाहुणा म्हणून आला होता, फैज फझल कर्णधार होता. कमी होती ती आपण जिंकू शकतो या खात्रीची. गोलंदाजीचे प्रशिक्षक होते सुब्रतो बॅनर्जी. सिडनीच्या त्या कसोटीतील गोलंदाज आणि यष्टिरक्षक पंचवीस वर्षांनी असे एका संघाच्या बाकावर एकत्र आले.

डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला जिंकण्यासाठी १९८ धावा हव्या होत्या. विदर्भाने त्यांना १९२ धावांवर रोखले. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा गडी बाद केले आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक नोंदवली. फलंदाजीत मात्र सामना फिरवला तो अक्षय वाडकरने. यष्टिरक्षक असलेल्या अक्षयने प्रथम श्रेणीतील आपले पहिले शतक अंतिम सामन्यात झळकावले, १३३ धावांचे. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून विजय मिळवला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध ७८ धावांनी विजय मिळवून त्यांनी करंडक राखला. आदित्य सरवटेने अकरा गडी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून केवळ एक धाव करू दिली. पहिले विजेतेपद नशिबाचे म्हणणाऱ्यांची तोंडे दुसऱ्याने बंद केली.

पुन्हा चिन्नास्वामी

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. करोनामुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धाच झाली नाही. तो रिकामा काळ त्यांनी शिबिरांत घालवला. मध्यरात्री सरावाला बोलावणे, मोबाइलवर बंधने, वेळेच्या बाबतीत कोणालाही सूट नाही, अशा त्यांच्या पद्धतींच्या कहाण्या नंतर वृत्तपत्रांतून गाजल्या. कर्णधार आदित्य श्रीवास्तवला लग्नासाठीही जेमतेम दोन दिवसांची रजा मिळाली, ही त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय कहाणी. नवरदेवाची बाजू मात्र कोणी फारशी विचारली नाही.

जून २०२२ मध्ये मध्य प्रदेश अंतिम फेरीत पोहोचला. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असल्याने नव्हते. उपांत्य सामन्यात बंगालविरुद्ध हिमांशू मंत्रीने १६५ धावा केल्या. तो सलामीला खेळतो आणि यष्टिरक्षणही करतो. अंतिम सामना बंगळूरला, त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर. प्रतिस्पर्धी मुंबई. सर्फराज खानच्या शतकाच्या बळावर मुंबईने ३७४ धावा केल्या. एरवी रणजीच्या अंतिम सामन्यात एवढ्या धावा मुंबईला पुरतात.

मध्य प्रदेशाचे उत्तर पंडित यांच्या विचारांचा नमुनाच होते. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२ आणि एकूण ५३६ धावा. त्यासाठी त्यांनी पावणेदोनशेहून अधिक षटके घेतली. प्रेक्षकांना ते रटाळ वाटले असेल. पण पहिल्या डावातील आघाडी आणि त्यानंतरचा वेळ या दोन्हींचा हिशेब या संघाला पक्का माहीत होता. मुंबईच्या यष्टिरक्षकाला त्या एका डावात हजाराहून अधिक वेळा बसावे-उठावे लागले, हेही नोंदवण्याजोगे. दुसऱ्या डावात वेगाने धावा करून सामना निकाली करण्याच्या घाईत मुंबई २६९ धावांत बाद झाली. २६ जून २०२२ रोजी मध्य प्रदेशाने सहा गडी राखून लक्ष्य गाठले. इंदूरच्या होळकर संघाने पूर्वी चार वेळा रणजी जिंकली होती. मध्य प्रदेश या नावाने मात्र हे पहिलेच विजेतेपद.

खेळाडूंनी प्रशिक्षकाला खांद्यावर घेतले. एरवी चेहऱ्यावरची रेषही न हलू देणाऱ्या पंडित यांना तेव्हा अश्रू आवरले नाहीत. याच मैदानावर तेवीस वर्षांपूर्वी त्यांच्या हातून करंडक निसटला होता. समोर हरलेला संघ त्यांच्या स्वतःच्या गावचा होता, ही त्यातली आणखी एक गुंतागुंत.

छडी कुठवर चालते

या पद्धतीची मर्यादाही पुढे दिसली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयपीएलमधील कोलकाता नाइट रायडर्सने त्यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती केली. ब्रेंडन मॅकलम यांच्या जागी ते आले. मॅकलमही एकेकाळचे यष्टिरक्षकच. रणजीचा हंगाम आणि त्याआधीची शिबिरे मिळून प्रशिक्षकाच्या हाती महिनेच्या महिने असतात, आणि समोर बहुतांशी विशी-पंचविशीतील स्थानिक मुले असतात. आयपीएल दोन महिन्यांत संपते आणि तिथले खेळाडू जगभरच्या लीग खेळून, स्वतःचे प्रशिक्षक आणि स्वतःच्या सवयी घेऊन येतात. नामिबियाचा अष्टपैलू डेव्हिड वीस याने नंतर जाहीरपणे सांगितले, की परदेशी खेळाडूंना पंडित यांची लष्करी थाटाची शिस्त रुचली नव्हती. काय घालायचे, कुठे जायचे हे अनुभवी खेळाडूंना सांगावे लागू नये, असा त्याचा सूर होता.

२०२३ मध्ये कोलकाता सातव्या स्थानावर राहिला. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आले, श्रेयस अय्यर कर्णधार होता, आणि २६ मे रोजी चेन्नईत हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून कोलकात्याने विजेतेपद मिळवले. श्रेयाचा मोठा वाटा लोकांनी गंभीर यांच्या पदरात टाकला. मुख्य प्रशिक्षकाचे नाव पुन्हा एकदा चित्राच्या कडेला राहिले. २०२५ मध्ये गंभीर नव्हते, अय्यरही नव्हता. संघ आठवा आला आणि जुलैमध्ये पंडित यांनी कोलकात्याचा निरोप घेतला.

त्यांच्या कडकपणाचे सरसकट समर्थन करता येणार नाही. भीतीपोटी आलेली शिस्त प्रशिक्षकाबरोबरच निघून जाते, असा आक्षेप घेतला जातो. विदर्भाचे उदाहरण मात्र त्या आक्षेपाला काही अंशी उत्तर देते. पंडित गेल्यानंतरही तो संघ विस्कटला नाही. मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, तिथे मुंबईकडून हरला, आणि पुढच्याच वर्षी केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला.

रत्नागिरीच्या मुलांच्या दृष्टीने या कारकिर्दीत एक व्यावहारिक बाब आहे. हा जिल्हा मुंबई क्रिकेट संघटनेत नव्हे, तर पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत मोडतो. म्हणजे इथल्या मुलाला शिवाजी पार्कऐवजी पुण्याची वाट धरावी लागते, आणि महाराष्ट्राच्या संघातही यष्टिरक्षकाची जागा एकच आहे. शेजारच्या सावंतवाडीच्या निखिल नाईकने यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ती वाट चालून दाखवली. महाराष्ट्राकडून तो खेळला आणि आयपीएलमध्ये पंजाब आणि कोलकाता या संघांत त्याला स्थान मिळाले. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन्ही वर्षी ती ‘रत्नागिरी जेट्स’ या संघाने जिंकली. त्यामुळे जिल्ह्याचे नाव गहुंजेच्या फलकावर लागले, तरी लीगचा संघ हा लिलावातून निवडला जातो. त्यात रत्नागिरीचीच मुले असतात असे नाही.

केरळविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यानंतर, मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या जामठा स्टेडियमवर करंडक स्वीकारायला विदर्भाचा कर्णधार पुढे आला. इंदूरच्या अंतिम सामन्यात पंडित यांच्या संघातून आपले पहिले शतक झळकावणारा तो यष्टिरक्षक, अक्षय वाडकर.